तीन नंबरचं पाणी

त्या वर्षी आमची कालवं अशी टरारून भरली होती की शेडमधल्या बायका काम थांबवून एकमेकींना दाखवायच्या. सुरी आत सारायचा अवकाश, गर शिंपल्याबाहेर ओघळायचा. बोंगनिमताई म्हणाली, "तीस वर्षं सुरी धरतेय बाई, पण असली पोटुशी, सातव्या महिन्यातली कालवं नव्हती बघितली." आम्ही चौदाजणी खिदळलो. एवढी कशावर माजलीत, हे कुणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. कालवं आमच्याच, खाडीत दोरांना टांगून वाढवलेल्या माळांवरची होती आणि त्या माळांचे तरंगते बोये मी रोज हाताने धरत होते.

जहाज डिसेंबरात आलं होतं. पांढरं, आठ मजली, प्रवाशांचं जहाज. पलीकडच्या गोदीत त्याची डागडुजी व्हायची होती, पण गोदीत जागा रिकामी नव्हती. म्हणून ते आमच्या तोलगुमीच्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभं राहिलं, आणि सुतार, रंगारी, वायरमन मिळून सातशे माणसं त्याच्यावरच काम करायला लागली. तिथंच जेवायची, तिथंच न्हायची, तिथंच झोपायची. आमच्या गावात माणसं सव्वातीनशे, तीही म्हातारी धरून. म्हणजे दोन तोलगुम्या आणि वर थोडी माणसं समोर पाण्यात उभी होती आणि त्यांचं सगळं पाणी कुठंतरी जात होतं.

खाडीच्या तोंडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरकारने नकाशात एक रेघ मारलेली आहे. रेघेच्या आत जहाजाने थेंबभर सोडायचं नाही. रेघेच्या बाहेर संडासाचं पाणी यंत्रातून काढून सोडलं की झालं. आणि स्वयंपाकघराचं, न्हाणीचं पाणी तर सरकारच्या पुस्तकात घाणच नाही, ते तसंच सोडा. जहाज उभं होतं रेघेच्या बाहेर, जेमतेम दोन दोरांच्या लांबीवर. भरती लागली की ते पाणी रेघ विचारत बसत नव्हतं. सरळ आत यायचं. खाडीत शिरताना पहिल्या माळा कुणाच्या, तर आमच्या.

डिसेंबर संपता संपता एका सकाळी मी आणि आमचे हे माळा उचलायला गेलो. थंडी अशी की दोराला लागलेलं पाणी हातमोज्यावरच गोठत होतं. विंच कुरकुरत माळ वर ओढत होता आणि मी बोया धरायला वाकले, तर हात सटकला. तुपाचा डबा धरावा तसा सटकला. मी हातमोजा नाकाशी नेला. साबण आणि तळलेला कांदा.

"अहो, हे बघा."

ह्यांनी बोयावरून अंगठा फिरवला, वास घेतला, आणि जहाजाकडे बघून थुंकले. "जेवणं आटोपली वाटतं साहेब लोकांची."

"हसता काय? आपल्या माळांवर येतंय ते."

"मग काय करू? पोहत जाऊन बूच लावू?"

असं म्हणून हे डोलत डोलत मागे गेले आणि नेहमीप्रमाणे बोटीच्या कडेवरून मोकळे झाले. मी तोंड फिरवलं. मासेमारी खात्याने प्रत्येक बोटीला त्यासाठी झाकणाची निळी बादली दिलेली आहे. घट्ट झाकणाची, चांगल्या प्लॅस्टिकची. म्हणूनच गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी ती किमचीचा कोबी मिठात घालायला घरी नेलेली आहे. मीसुद्धा. पँट वर ओढत हे पुन्हा जहाजाकडे बघून म्हणाले, "हरामखोर. समुद्राचा संडास करून टाकलाय." मला हसू आलं. आज आठवलं की येत नाही.

आता बाटल्यांचं सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची कालवं परदेशात जातात. म्हणून दर महिन्याला पाणी तपासायचं असतं. खाडीत पाच पिवळे बोये आहेत, त्यांवर एक ते पाच आकडे. प्रत्येकाजवळ एक बाटली भरायची, कागदावर वेळ लिहायची, खाली नावाचा शिक्का मारायचा. शिक्का माझा. प्यो सुनरे, लाल शाईत. खात्याची बाई सोबत असायला हवी असा नियम आहे, पण आमच्या यांगबाईला बोटीत पाऊल टाकलं की उमासे येतात. पहिल्याच खेपेला बिचारीने माझ्या बुटांवर ओकून ठेवलं. तेव्हापासून ती बर्फाची पेटी धक्क्यावर ठेवते, गाडीत हीटर लावून बसते आणि आम्ही परत आलो की घेऊन जाते.

नऊ वर्षांपूर्वी एका महिन्यात तीन नंबरची बाटली खराब निघाली. खाडी महिनाभर बंद, सगळी शेड घरी. तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, को आडनावाचे, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तोकबे, पुढच्या वेळी जरा समजून भर." एवढंच म्हणाले. आम्ही समजलो. वाघतोंडाच्या खडकापलीकडे उघडा समुद्र आहे आणि तिथं ह्यांचे खेकड्यांचे सापळे असतात. सापळे काढायचे आणि तिथल्याच निवळशंख पाण्यात पाचही बाटल्या बुडवायच्या. एका फेरीत दोन कामं. तेव्हापासून आमचं तीन नंबरचं पाणी कधी खराब निघालं नाही. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

जहाजाविरुद्ध गावाने अर्ज केला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ती रेघ बाहेर सरकवा, पार बकऱ्या बेटाच्या पलीकडे न्या, असा. चेअरमननी घरोघर फिरून सह्या घेतल्या. आणि त्याच महिन्याच्या दहा तारखेला यांगबाई पेटी घेऊन आली, तर आम्ही दोघं नवराबायको सकाळी उठून सरळ वाघतोंडाला गेलो. सापळ्यात खेकडे बरे होते. बाटल्या भरल्या, शिक्का मारला, पेटी दिली. एकदा तरी घाण बाटली हवी होती गावाला, आणि आम्ही चकचकीत पाणी भरून दिलं! वाईट हेतू नव्हता हो. डोक्यातच आलं नाही. नऊ वर्षांत हात जिथं जायचा तिथंच गेला. चेअरमनच्याही डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत माझा नातू शंभर दिवसांचा झाला. आमच्यात तो दिवस बारशासारखा करतात.

मुलगी मिओक मासानला दिलेली आहे. तिचे सासरचे पोटापाण्याने बरे, वागायला नीटनेटके. विहीणबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्याशी बोलताना मी मुद्दाम हळू बोलते, कारण बोटीवर ओरडून ओरडून माझा आवाज फाटलाय. शंभराव्या दिवसाला त्यांनी तांदळाच्या पांढऱ्या वड्या करून घरोघर वाटायच्या ठरवल्या, आणि आमच्याकडून काय जायचं, तर कालवं. दुसरं काय आहे आमच्याकडे? आदल्या संध्याकाळी मी तीन नंबरजवळची माळ काढायला लावली, सगळ्यात भरलेली. एकेक हाताने निवडलं. फाटलेलं, सुरी लागलेलं एकही ठेवलं नाही, ते बोंगनिमताईच्या डब्यात टाकलं. ती एकटी राहते, नवरा समुद्रात गेला त्याला सतरा वर्षं झाली. "आज मेजवानी गं माझी," ती म्हणाली. बर्फ घालून पेटी सकाळच्या बसने रवाना केली. मला फार अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी फोन आला. विहीणबाई.

"मिओकच्या आई, जेवण झालं का?"

"झालं, झालं. कसा झाला कार्यक्रम?"

"छान झाला. कालवं कच्चीच वाढली, फार गोड होती, सगळ्यांनी नावाजली." मग त्या थांबल्या. "आम्ही काही म्हणत नाही हं. पण कानावर घालावं म्हणून. परवा रात्रीपासून घरात अकराजणांना उलट्या, जुलाब. ह्यांचे साहेब आले होते, ते सपत्नीक दवाखान्यात आहेत. मिओकलाही सलाईन लावलंय. बाळाला दोन दिवस वरचं दूध देतोय."

मी उभ्याची खाली बसले. "बाळ?"

"बाळ बरं आहे. त्याने कुठं खाल्लंय?"

त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी चार ऐकून घेतल्या असत्या आणि रडून मोकळी झाले असते. मी फोनवरच वाकून वाकून माफी मागत राहिले, रिकाम्या भिंतीसमोर. हे दारात उभे राहून बघत होते. "कुणाला नमस्कार घालतेयस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तेव्हा तेही खाली बसले.

दवाखान्याने वर कळवलं आणि आठवड्याच्या आत आरोग्य खात्याची माणसं आमच्या शेडमध्ये हजर झाली. त्यांच्यातला एक तोंडाला पट्टी बांधलेला पोरगेला साहेब कागद चाळत म्हणाला, "पाण्याचा प्रश्नच नाही. महिन्याच्या महिन्याला तपासलंय, उत्तम आहे. म्हणजे हात."

"हात म्हणजे?" बोंगनिमताईने विचारलं.

"फोडणाऱ्याचे हात, आजी. संडासला जाऊन आल्यावर साबण लावता का?"

साठी गाठलेल्या बायका आम्ही. एकीनेही वर बघितलं नाही. त्याने प्रत्येकीला एकेक झाकणाची डबी दिली, वर नाव चिकटवलेली, आणि उद्या सकाळची पहिली भरून आणा म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पदरात लपवून आणल्यासारख्या त्या डब्या जॅकेटच्या खिशात घालून आणल्या आणि रांगेत उभ्या राहिलो. तो नाव मोठ्याने वाचायचा, जिची ती पुढे जाऊन खोक्यात ठेवायची. गावातले बाप्ये धक्क्यावर जाळी नीट करायचं निमित्त करून बघत होते. एवढी वर्षं या हातांनी कमावून घर चालवलं, आणि आमची परीक्षा कशाची घेतली, तर हागण्याची. आणि मला माहीत होतं की दोष हातांचा नाही. मी माझी डबी ठेवली आणि गप्प बाजूला झाले.

माझी डबी स्वच्छ निघाली. तेराजणींच्या स्वच्छ निघाल्या. बोंगनिमताईच्या डबीत तोच रोग निघाला.

निघणारच! तीच कालवं तिने खाल्ली होती, मीच दिलेली. दोन दिवस तिचंही पोट बिघडलं होतं, पण तिने सुट्टी घेतली नव्हती. अहवाल आला. शेडमधल्या एका कामगाराच्या अस्वच्छ हातांमुळे. नाव लिहिलं नव्हतं, पण तिला घरी पाठवलं म्हणजे नाव लिहिल्यासारखंच झालं. तिची सुरी, तिचं बसायचं फळकूट, तिचा एप्रन, सगळं शेडबाहेर ठेवून त्यावर औषध फवारलं. ती ते गोळा करायला आली तेव्हा आम्ही सगळ्या खाली मान घालून कालवं फोडत होतो.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "हे बरं नाही. तिचे हात नव्हते."

"कुणी म्हटलं, तिचे होते म्हणून?"

"अहवालात आहे."

"अहवालात नाव नाही." हे जेवत होते. "आणि तू काय सांगणार? की नऊ वर्षं आम्ही खोटं पाणी देतो? सोसायटीतून काढतील. समुद्रातली जागा जाईल आपली. फक्त आपलीच नाही, अख्ख्या गावाची खाडी बंद होईल. मग बोंगनिमताईला कुठल्या शेडमध्ये काम मिळणार आहे?"

"मग तिने असंच राहायचं?"

"चार महिन्यांत विसरतात लोक." ताट पुढे सरकवून ते म्हणाले, "भात वाढ."

मी भात वाढला. मग मी आणखी एक गोष्ट केली, ती अजून घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला, चौकशीसाठी. मिओक घरी आली होती, बाळ पुन्हा अंगावर पीत होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "पेपरात वाचलं, तुमच्याकडचं पाणी स्वच्छ आहे म्हणे. मग हे झालं तरी कशाने?" त्यांचा आवाज गोडच होता. पण मला वाटलं त्या माझे हात बघताहेत, फोनमधून.

मी म्हटलं, "सापडलं हो. शेडमध्ये एक बाई आहे. एकटीच असते, स्वच्छता कमी. तिच्या हाताने झालं."

"अगंबाई! तुमच्या हातून नव्हे ना, मग झालं," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मीही सोडला. शेण खाल्लं मी, आणि खाऊन मला हलकं वाटलं.

रेघेची सुनावणी फेब्रुवारीच्या शेवटी झाली, गावच्या सभागृहात. खाली जमीन गरम केलेली, दारात बुटांचा ढीग, सगळे मांडी घालून. पुढे यांगबाई आणि तिचे वरचे साहेब, बाजूला जहाजाचा एजंट, चष्मा लावलेला, अगदी सभ्य माणूस. आल्या आल्या त्याने म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार केला. बोंगनिमताईही आली होती. ती बुटांजवळ बसली. आत जागा होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना कुणी सरकलं नाही. तिच्या हातांची सालं गेली होती. नंतर कळलं, ती दिवसातून पाच-पाच वेळा ब्लीचच्या पाण्यात हात धूत होती.

चेअरमन उठले. बोयांवरचा तुपासारखा थर, साबणाचा वास, किनाऱ्याला लागलेला फेस, सगळं त्यांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. "रेघ बेटापलीकडे गेलीच पाहिजे," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग एजंट उठला. "आपला त्रास मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण वासावरून रेघ हलत नाही. पाणी बिघडलं, हे दिसायला हवं." त्याने एक तक्ता भिंतीवर लावला. "हे गावाचेच आकडे. तीन नंबरचा बोया आमच्या जहाजापासून सगळ्यात जवळ. नोव्हेंबर, आम्ही यायच्या आधी, स्वच्छ. डिसेंबर स्वच्छ. जानेवारी स्वच्छ. आमच्याकडून काही आत आलं असतं, तर सुनरेकाकूंच्या बाटलीत यायला नको?"

चेअरमनचा चेहरा मी बघत होते. हसता हसता तो तसाच राहून गेला. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ते आलं. ह्यांच्याही आलं, कारण ह्यांनी गुडघ्यावरचा हात घट्ट आवळला.

यांगबाईने भाबडेपणाने भर घातली, "सुनरेकाकूंनी नऊ वर्षांत एक महिना चुकवलेला नाही. जिल्ह्यात इतकं नियमित कुणीच नाही."

एजंट माझ्याकडे वळून कमरेत वाकला. "अशा प्रामाणिक माणसांमुळेच आमच्यावरचा आरोप खोटा ठरतो, काकू. आणि आजाराचं कारण तर सापडलंच आहे." तो कुणाकडे बघत नव्हता, पण सगळ्या माना दाराकडे वळल्या. बोंगनिमताईने हात जॅकेटच्या बाह्यांत ओढून घेतले.

मी उभी राहिले. ठरवून उठले असं म्हणणार नाही. त्या नमस्काराने मला बसवेना.

"त्या बाटल्या तीन नंबरच्या नाहीत," मी म्हटलं.

"काय?" यांगबाई म्हणाली.

"एकाही नंबरच्या नाहीत. वाघतोंडाच्या पलीकडे भरतो आम्ही. उघड्या समुद्रात. पाचही."

चेअरमन घाईने म्हणाले, "मिओकच्या आईची तब्येत बरी नाही. लेक आजारी होती ना, झोप नाही तिला. तोकबे, घरी ने तिला."

हे खाली बघत होते. सगळं सभागृह ह्यांच्याकडे बघत होतं. मला वाटलं, हे आता मला दंडाला धरून बाहेर काढतील.

"खरं बोलतेय ती," हे जमिनीकडे बघतच म्हणाले. "बोट मी नेतो."

यांगबाईचा चेहरा पांढराफटक पडला. वरच्या साहेबांनी तिला विचारलं, "तुम्ही सोबत होतात ना?" तिचंही पोर अंगावर पितं होतं, हे मला माहीत होतं.

मी दाराकडे बोट केलं. "आणि बोंगनिमताईच्या हाताने काही झालेलं नाही. ती कालवं तिला मी दिली. ती आमच्या माळेची होती. त्या माळेवर जहाजाचं पाणी येत होतं, आणि मला ते डिसेंबरापासून दिसत होतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "बस खाली, बये. बुडवलंस गावाला."

पण खरं बुडणं पुढे होतं. एजंटने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला आनंद झालेला दिसला नाही, हे मात्र सांगते. "म्हणजे नऊ वर्षांची एकही बाटली धरता येत नाही," तो साहेबांना म्हणाला. "आम्ही यायच्या आधी हे पाणी कसं होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. गावातलीच घाण असेल. आधीपासूनच असेल." साहेबांनी मान डोलावली. मी तशीच उभी होते. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान जहाज तरी हलेल.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला साहेबांनी स्वतः पाच बाटल्या पाच बोयांजवळ भरल्या. पाचही खराब निघाल्या. तीन नंबरची सगळ्यात जास्त, पण चार आणि पाच, जे गावच्या ओढ्याच्या तोंडाशी आहेत, तेही काही कमी नव्हते. खाडी बंद झाली. शेडला कुलूप लागलं. रेघेसाठी वर्षभराच्या खऱ्या बाटल्या भरून पुन्हा अर्ज करा, असं पत्र आलं. यांगबाईची बदली झाली. चेअरमननी सोसायटीची सभा घेऊन आमची समुद्रातली जागा काढून घेतली, आणि कुणी हरकत घेतली नाही. आम्हीही नाही. बोंगनिमताईला एका ओळीचा कागद आला, आजाराचं कारण निश्चित करता येत नाही म्हणून.

जहाज मार्चअखेरपर्यंत होतं तिथंच उभं राहिलं, ठरल्याप्रमाणे. माळा कुणी उचलायच्या नव्हत्या. त्यांच्यावरची कालवं आणखी फुगत गेली, आणि वजनाने बोये पाण्याखाली जायला लागले. मी दुकानात गेले की बायका हिशेब आटोपून निघून जायच्या. ह्यांना कुणी विंच दुरुस्तीला बोलावेना. हे घरी बसून रिकाम्या सापळ्यांचे दोर वळायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

मार्चच्या मध्यावर मी बोंगनिमताईकडे गेले. इतके दिवस पाय धजला नव्हता. दार लोटलं, तर ती भिंतीला टेकून बसली होती, हाताला मलम चोपडलेलं.

"ताई, मला माफ..."

"दार लाव आधी. वारा येतोय."

मी दार लावलं आणि गुडघ्यांवर बसले. तिने मला बस म्हटलं नाही, उठ म्हटलं नाही.

"सभागृहात बोललीस," ती म्हणाली. "तिथं मला सगळे ओळखतात. तिथं तू नसती बोललीस तरी माझे हात कसे आहेत ते गावाला ठाऊक आहे. मासानला काय सांगितलंयस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"मिओकने फोन केला होता मला. पोर चांगली आहे तुझी. म्हणाली, मावशी, तुमची तब्येत बरी आहे ना, स्वच्छतेची काळजी घेत जा." बोंगनिमताई हसली, पण ते हसणं बघवेना. "मी न्हाऊमाखू घातलंय गं त्या पोरीला. माझ्या हातचं खाऊन वाढली ती."

मला वर बघता येईना. तिने कपाटावरचा फोन काढून माझ्यासमोर ठेवला.

"लाव तुझ्या विहिणीला. मी इथंच बसलेय."

नंबर मला पाठ होता. मी फिरवला.

"कोण? अगंबाई, मिओकच्या आई! वेगळ्याच नंबरवरून?"

"हो. विहीणबाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं." माझा आवाज बोटीवरच्यासारखा फाटून आला. "त्या बाईच्या हाताचं काही नव्हतं. ती माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. पाणी घाण होतं. तीन महिने घाण येत होतं आणि आम्ही ते स्वच्छ म्हणून लिहून देत होतो. मला ठाऊक होतं."

पलीकडे मागे कुठंतरी माझा नातू हुंकारला, पोट भरल्यावर हुंकारतो तसा. मी फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला.

विहीणबाईंनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "मग तुम्ही घरात खाल्ली होतीत का ती कालवं?"

आमच्याकडे चांगलं ते लेकीच्या घरी जातं, घरात खातात ते उरलंसुरलं, जुन्या माळेवरचं, बारीक. त्या दिवशी आम्ही दोघांनी तेच खाल्लं होतं. हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. पण आता कुठल्याही शब्दांत सांगितलं तरी ते 'स्वतः टाळली आणि आम्हाला पाठवली' असंच ऐकू जाईल, हे मला दिसत होतं. बोंगनिमताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.